काम आवडतं, नोकरी नकोशी झालीय

पत्र

ताई, नमस्कार.

मी गेली काही वर्षं एका संस्थेतर्फे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या लोकांच्या घरी केअरटेकर म्हणून जाते. अंघोळ, औषधं, भरवणं, फिरवून आणणं, घरच्यांना जरा मोकळा वेळ मिळावा म्हणून सोबत बसणं, असं सगळं. सध्या पाच घरं आहेत. काम मला जमतं. एक आजोबा अंघोळीला कुणाला हात लावू देत नाहीत, माझ्याकडून मात्र करून घेतात.

पण अलीकडे सकाळी निघताना पाय जड होतात. एका आजींकडे मी तीन वर्षं जात होते. त्या गेल्या. मला ते कळलं मोबाइलवर, आठवड्याच्या ड्युटीच्या यादीत त्यांचं नाव दिसेना म्हणून. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाल्या, "अगं हो, सांगायचं राहिलं. त्या वेळात तुला नवीन घर दिलंय." दुसऱ्या एका आजींनी मी पर्स चोरली असा आळ घेतला. सूनबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, त्यांचं तुम्हाला माहीतच आहे." पण दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप होतं. आणि ज्या आजोबांना मी अंघोळ घालते त्यांची मुलगी परवा म्हणाली, "बाबांना पाच मिनिटांनी काही आठवत नाही, त्यांच्याशी गप्पा मारण्यात वेळ कशाला घालवता?"

त्यात संस्थेने तासाची व्हिजिट अर्ध्या तासावर आणली. दोन घरांमधला प्रवास कामाच्या वेळेत धरत नाहीत. मागच्या आठवड्यात एक फॉर्म भरायला दिला : 'तुम्ही तुमच्या कामात किती समाधानी आहात? एक ते पाच.' मी बराच वेळ पेन धरून बसले आणि तीन लिहिलं. ते खोटं वाटतंय. मैत्रीण म्हणते तिच्या ऑफिसात रिसेप्शनची जागा आहे, वेळ ठरलेली, पगार थोडा जास्त. पण या लोकांना सोडायचा विचार आला की अपराधी वाटतं. मला हे काम आवडतं की नाही, हेच कळेनासं झालंय. काय करू?

उत्तर

तुमचं 'तीन' खोटं नाही. ती पाच आणि एकची सरासरी आहे. कामाला पाच, नोकरीला एक. फॉर्म तयार करणाऱ्याने दोन वेगळे प्रश्न एका ओळीत कोंबले आणि उत्तराची अडचण तुमच्या गळ्यात घातली. मला अशा फॉर्मचा राग येतो. संस्थेच्या अहवालात आता 'कर्मचारी सर्वसाधारणपणे समाधानी' असं छापून येईल, आणि तुमच्या पत्रातलं अक्षरही त्यात नसेल.

हे मी केवळ तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, की कामावर तुम्हाला फार छान वाटलं तो प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं तोही सांगा. १९५९ मध्ये निष्कर्ष छापले. छान वाटण्याच्या प्रसंगांत लोक बोलले ते प्रत्यक्ष कामाबद्दल : काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत मात्र आलं ते कामाभोवतीचं : नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती. हर्झबर्गचं म्हणणं, की समाधान आणि असमाधान ही एका पट्टीची दोन टोकं नाहीतच, त्या दोन निराळ्या पट्ट्या आहेत. त्याच्यावर टीकाही झाली. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशी उत्तरं येणारच, असं टीकाकार म्हणाले. त्यात तथ्य आहे. तरीही तुमचं पत्र वाचताना मला त्या दोन पट्ट्या लख्ख दिसल्या. आजोबांची अंघोळ पहिल्या पट्टीवर. ड्युटीची यादी, न धरलेला प्रवास आणि 'सांगायचं राहिलं' दुसऱ्या पट्टीवर.

घोळ कुठे होतो सांगते. दुसऱ्या पट्टीवरचं दुखणं आपण पहिल्या पट्टीवरच्या औषधाने बरं करायला जातो. पाय जड झाले की तुम्ही स्वतःला समजावत असणार, 'पण काम किती चांगलं आहे, आजोबा माझी वाट बघतात.' बरोबर ना? त्याने प्रवासाचा वेळ पगारात धरला जात नाही. उलट हळूहळू त्या आजोबांवरच मनात चीड साठू लागते, कारण सगळा भार त्यांच्यावर टाकलेला असतो. आणि हे फक्त तुम्हीच करता असं नाही, नोकरी देणारेही करतात. 'तुमचं तर पुण्याचं काम' असं म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात पैशांबद्दल बोलणार नाही, हे धरून चाला.

आता आधी आजोबांच्या मुलीचं वाक्य घेऊ, कारण माझ्या मते तुम्हाला सर्वांत खोल तेच लागलंय. आळाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून पुढे गेलात, पण हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंत. 'पाच मिनिटांनी काही आठवत नाही.' ते खरं असेल तर तुमची निम्मी मेहनत पाण्यात, असं तुम्हाला वाटलं असणार.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, झालेले १७ जण आणि तसेच १७ निरोगी लोक. त्यांना आधी दुःखाचे आणि नंतर आनंदाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं, काय पाहिलंत? अल्झायमर झालेल्यांना फारच कमी सांगता आलं. पण मनःस्थिती विचारली तेव्हा दुःखही होतं आणि आनंदही होता, अर्ध्या तासापर्यंत. ज्यांना तपशील कमी आठवत होता त्यांचं दुःख तर जास्त टिकलं. का वाईट वाटतंय ते माहीत नाही, पण वाईट वाटतंय. मेंदूत घटनेची नोंद करणारी जागा आणि भावना उमटवणारी जागा यांचं नातं घट्ट असलं तरी त्या एकच नाहीत. अल्झायमरमध्ये नोंद करणारी जागा, हिप्पोकॅम्पस, सहसा सुरुवातीलाच पोखरली जाते.

लोक थोडे आणि मोजमाप अर्ध्या तासाचं, त्यामुळे यातून 'तुमचं प्रेम त्यांच्या मनात कायम राहतं' वगैरे मी काढणार नाही. पण मुलीला सांगायला एवढं पुरेसं आहे : "बाबांना मी काय बोलले ते आठवणार नाही, पण बोलल्यामुळे ते शांत होतात, आणि शांत असले की अंघोळ होते, नाहीतर होत नाही." एखाद्या दिवशी तिला थांबवून हे दाखवाही. मुलीचा हेतू वाईट असेलच असं नाही. स्वतःच्या वडिलांशी गप्पा मारायचं तिने केव्हाच सोडून दिलं असेल, कारण दरवेळी नाव विसरल्याचा धक्का तिला बसतो. तुम्हाला तो बसत नाही, कारण ते तुमचं नाव कधी लक्षात ठेवायलाच बांधील नव्हते. घरच्यांना न जमणारी गोष्ट परक्या माणसाला जमते ती अशी, आणि त्याचा घरच्यांना थोडा मत्सरही वाटतो. तो गिळून ती 'वेळ कशाला घालवता?' म्हणते.

तुम्ही स्वतः ज्या गोष्टीवरून भराभर पुढे गेलात ती म्हणजे अर्धा तास. यादीतल्या इतर तक्रारींसारखीच ती एक, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते पाय जड होण्याचं मुख्य कारण तेच आहे.

अंघोळीला नकार देणारा माणूस हट्टी नसतो. त्याच्या बाजूने बघा. कुणीतरी अनोळखी व्यक्ती कपडे काढतेय, थंडी वाजतेय, कुठून तरी अंगावर पाणी येतंय. जाणती केअरटेकर आधी खोली उबदार करते. पाणी त्यांच्या हाताला लावून दाखवते. खांद्यावर आणि मांडीवर टॉवेल राहू देते, पायांपासून सुरुवात करते, डोक्यावर पाणी घेतलंच तर शेवटी. 'आता डावा हात' असं हात लावायच्या आधी म्हणते आणि मग थांबते. त्यांच्या चेहऱ्यावर ते पोचल्याचं दिसेपर्यंत थांबते. कापड त्यांच्याच हातात देऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरते, म्हणजे त्यांना आपण स्वतःच अंग चोळतोय असं वाटतं. हे सगळं तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, तुम्ही करता म्हणूनच ते अंघोळ करून घेतात. मुद्दा असा की यात वेळ खातं ते थांबणं, आणि अर्ध्या तासात पहिली कात्री लागते ती थांबण्यालाच. मग 'चला, हात वर' आणि थोडं ओढणं. मग ते ओरडतात. मग मुलगी दारात येते.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने, ते १९९८ मध्ये वारले, डिमेन्शिया झालेल्या माणसाला भोवतालचे लोक नकळत कसं उणं करत नेतात याच्या १७ प्रकारांची यादी केली होती. फसवून काम करून घेणं, लहान मुलासारखं वागवणं, तो समोर असताना नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलणं, दोष देणं. यातलं बरंचसं दुष्टपणाने होत नाही असं ते आवर्जून सांगत. त्याच यादीत एक प्रकार आहे : त्या माणसाला झेपणार नाही अशा वेगाने त्याच्याशी बोलणं आणि त्याची कामं उरकणं. म्हणजे तुमच्या संस्थेने वेळापत्रकातच जो प्रकार लिहून ठेवला, तोच.

योग्य काय ते माहीत असूनही व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, तेव्हा मनाची जी घुसमट होते तिच्याबद्दल तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात लिहिलं. थकवा वेगळा आणि ही घुसमट वेगळी. थकवा रविवारी झोपून जातो. ही सोमवारी पुन्हा दारात उभी असते, कारण सोमवारीही अर्धा तासच असतो. काम कमी आवडू लागलं असं तुम्हाला वाटतंय. मला उलट दिसतं. काम नीट करायचं असतं म्हणून तर ते अर्धवट टाकून निघताना त्रास होतो. ज्यांना काही वाटत नाही त्या अर्ध्या तासात आरामात उरकतात.

बर्नआउटचं विचाराल तर तुमचं पत्र मी त्याच नजरेने पुन्हा वाचलं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची जी प्रश्नावली मांडली, तिच्यात तीन बाजू आहेत : भावनिकदृष्ट्या रिकामं होणं, समोरची माणसं वस्तूंसारखी वाटू लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली तुमच्यात दिसते. तिसरी उंबरठ्यावर आहे. दुसरी नाही. पूर्ण पत्रात आजी, आजोबा, सूनबाई आहेत, 'केस' कुठेही नाही. एखाद्या दिवशी तुमच्या तोंडून 'साडेनऊचं घर' किंवा 'ती चावणारी' असं निघायला लागलं, तर मात्र माझ्या या उत्तराची वाट न बघता सुटी घ्या. आणि हात कधी जरा जास्त जोराने पडला, तर माणूस सुरक्षित आहे एवढं बघून शेजारच्या खोलीत जा, कुणाला तरी फोन करा, आणि त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा. हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. लपवलं की ते पुन्हा होतं.

आजींबद्दल. तीन वर्षं आठवड्यातून कितीतरी वेळा ज्यांची नखं कापली, ज्यांना भरवलं, त्या गेल्याचं यादीवरून कळणं हा अपमान आहे. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, मी लिहिते. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखांबद्दल मांडणी केली, ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. ना सुटी मिळते, ना कुणी भेटायला येतं, ना 'कशी आहेस?' असा प्रश्न. पगार घेऊन सांभाळणाऱ्यांचं दुःख त्यात अगदी चपखल बसतं. 'नातेवाईक थोडीच होत्या?' डिमेन्शियात त्यावर आणखी एक थर असतो. तो माणूस जाण्याच्या खूप आधीपासून थोडा थोडा जात असतो, आणि ते रोज जवळून बघणाऱ्या तुम्ही असता. आज चमचा धरता आला नाही. आज चष्मा कशासाठी असतो ते कळलं नाही. प्रत्येकाचं दुःख होतं, आणि पुढचं घर गाठायचं असतं.

आजींच्या घरी जा. उशीर झाला असं समजू नका. जाता येत नसेल तर चार ओळी लिहून पाठवा, त्यात घरच्यांना माहीत नसलेलं काहीतरी एक लिहा. त्या एकट्या तुमच्याबरोबर असताना काय गुणगुणायच्या, कशाला हसायच्या. घरच्यांकडे आजारपणाच्या आठवणी असतात त्या बहुतेक धावपळीच्या. तुमच्याजवळ निवांतपणाच्या आहेत, त्या त्यांना कुणीच देऊ शकणार नाही. आणि सुपरवायझरना सांगा, मागू नका, सांगा : माणूस गेला की त्याच दिवशी फोन आला पाहिजे, आणि तीच वेळ लगेच दुसऱ्या घराला द्यायची नाही. याला त्यांचा फारसा खर्च नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नाही.

पर्सच्या आळाबद्दल मी जरा कोरडेपणाने लिहिणार आहे, कारण इथे भावनेपेक्षा नोंद महत्त्वाची. चोरीचा संशय हा अल्झायमरमधल्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या संशयांपैकी एक आहे. आजी पर्स जपून ठेवतात, ठेवल्याचं विसरतात, जागेवर नाही हे मात्र दिसतं. मधली कडी मेंदू स्वतः भरतो, आणि घरात बाहेरून येणारी व्यक्ती एकच असते. त्यामुळे 'मी नाही घेतली' म्हणून वाद घालू नका. 'पर्स दिसत नाही ना? चला, शोधू' म्हणा. आणि सापडलीच तर स्वतः उचलून देऊ नका, त्यांना सापडू द्या, नाहीतर 'बघा, हिला बरोबर माहीत होतं कुठे आहे!' त्याच दिवशी व्हिजिटच्या वहीत वेळ घालून लिहा, सुपरवायझरला मेसेज करा. त्या घरात पैसे आणि दागिने हाताळायचे नाहीत, काही आणायला पैसे दिलेच तर हिशेब सूनबाईंच्या सहीने.

राहिलं कुलूप. ते तुमच्यासाठी लावलं की आजींनी वस्तू लपवू नयेत म्हणून, ते तुम्हाला माहीत नाही. विचारा. "कुलूप लावलंत ते बरं झालं, पण माझ्यावर शंका असेल तर स्पष्ट सांगा, मी संस्थेला दुसरं कुणी पाठवायला सांगेन." तोंडावर विचारलं की बहुतेक लोक खरं बोलतात किंवा ओशाळतात, आणि दोन्हींतून तुम्हाला कळायचं ते कळतं. कारण काही असो, कुलूप तुमच्या फायद्याचं आहे. बंद कपाटातलं काही गेलं तर बोट तुमच्याकडे वळत नाही. मी तुमच्या जागी असते तर ते राहू दिलं असतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नाही हेच मला खटकलं. सहकारी. बोलणारे लोक आहेत ते सुपरवायझर, सूनबाई, मुलगी, मैत्रीण. तुमच्यासारखं काम करणारी एकही बाई नाही. संस्थेच्या इमारतीत काम करणारीला निदान शिफ्ट बदलताना दोन वाक्यं बोलता येतात, 'आज सात नंबरच्या काकांनी हात पिरगाळला गं.' घरोघरी जाणारी एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरते. तिचा संताप, तिची हुशारी, तिचं आज जमलेलं काहीतरी, सगळं प्रवासात विरून जातं. आजोबांनी पहिल्यांदा अंघोळ करून घेतली त्या दिवशी तुम्ही ते कुणाला सांगितलंत? कामाची किंमत जिला कळते अशा व्यक्तीने 'कसं जमवलंस?' विचारणं यासारखं सुख या धंद्यात फार कमी आहे, कारण ज्यांच्यासाठी करतो ते सांगू शकत नाहीत आणि ते बरेही होणार नाहीत. संस्थेतल्या इतर केअरटेकर शोधा. नंबर मागा. दोघी जरी भेटल्या तरी चालेल, पण पेशंटची नावं, घरचे पत्ते आणि फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

हे सख्य जमवण्यात माझा एक स्वार्थी हेतूही आहे, म्हणजे तुमच्या वतीने स्वार्थी. प्रवासाचा वेळ एकटीने मागितला तर ती कुरकुर ठरते. पाच-सहा जणींनी मिळून मागितला तर त्यावर मीटिंग बोलवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नवे रुग्ण त्यात मिळतात. त्यांना अंघोळ घालू शकणारी माणसं त्या वेगाने तयार होत नाहीत. आजोबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, ही गोष्ट तुम्ही पत्रात कौतुकाची म्हणून लिहिलीत. वाटाघाटीत ती तुमची सर्वांत जड बाजू आहे.

सगळं एकदम मागू नका. दोन गोष्टी मागा, लेखी. एक, घरांमधला प्रवास कामाचा वेळ म्हणून धरा. दोन, अंघोळीच्या घरांना पुन्हा पूर्ण तास द्या. सगळ्या घरांना नको, ज्या घरांत घाई केल्याने अंघोळ फसते तेवढ्यांनाच. याला पुरावा म्हणून आजपासून वहीत लिहायला लागा : कुठल्या दिवशी अर्ध्या तासात अंघोळ झाली नाही, आजोबा घाबरले, घरच्यांनी तक्रार केली. संस्थेला तुमच्या घुसमटीची भाषा कळणार नाही, पण गिऱ्हाईकाच्या तक्रारीची कळते. वेगळ्या पद्धतीने हे चालवता येतं का, असं कुणी विचारलं तर नेदरलँड्समधल्या ब्युर्टझोर्ग या संस्थेचं उदाहरण द्या. २००६ मध्ये काही परिचारिकांनी ती सुरू केली. घरी जाऊन सेवा देणाऱ्या लहान लहान तुकड्या, एका तुकडीत जास्तीत जास्त १२ जण, आणि वेळापत्रक तेच ठरवतात, वरचा सुपरवायझर नाही. तुमची संस्था उद्या तशी होणार नाही. पण वेळापत्रक आकाशातून पडत नाही, ते कुणीतरी बसून आखतं, हे बोलून दाखवायला बरं.

आता रिसेप्शन. ती जागा वाईट नाही आणि ती घेतलीत तर तुम्ही कुणाचा विश्वासघात करत नाही. तरी मला वाटतं, तुमचा खरा पर्याय 'हे काम की रिसेप्शन' असा नसून 'ही संस्था की दुसरी संस्था' असा आहे. तुमचं भांडण नोकरीशी आहे, आणि नोकरी बदलूनही काम तेच ठेवता येतं. डे-केअर केंद्रं असतात, थेट कुटुंबांकडे कामं असतात, नवीन केअरटेकरना शिकवायची कामंही असतात, आणि शिकवणं तुम्हाला जमेल असं पत्रावरून वाटतं. रिसेप्शन तेव्हा निवडा, जेव्हा दुसऱ्याच्या शरीराची आणि मरणाची जबाबदारी काही वर्षं तरी नकोच आहे असं शांतपणे विचार केल्यावरही वाटेल. तसं वाटणंही चालतं. नुसत्या रागाच्या भरात निवडलीत तर पहिल्या महिन्यातच तुम्हाला आजोबांच्या डाव्या हाताची आठवण येईल.

अपराधीपणाचं मी 'काढून टाका' म्हणणार नाही, तो सांगून जात नाही. तुम्ही गेलात तर आजोबांना त्रास होईल, काही दिवस ते अंघोळ करणार नाहीत. खोटा दिलासा कशाला देऊ? पण एका माणसाची अंघोळ एकाच बाईवर अवलंबून आहे, तिला ताप आला तरी अडते, ही व्यवस्थेची चूक. ती भरून काढायला तुम्ही जन्मभर तिथे राहणं हा उपाय नाही. राहणार असाल तरी, जाणार असाल तरी, प्रत्येक घराचं एक पान लिहून काढा. कोणत्या नावाने हाक मारली की वळून बघतात. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं. कुठल्या बाजूने जवळ गेलं की दचकत नाहीत. संध्याकाळी अस्वस्थपणा साधारण कधी सुरू होतो आणि 'घरी जायचंय' म्हणाले की काय बोलायचं, काय मुळीच बोलायचं नाही. अंघोळीचा क्रम. ते पान संस्थेच्या फाइलमध्ये लावा, एक घरच्यांना द्या. तुमच्या पुढच्या सुटीतच त्याचा उपयोग होईल, आणि बदली आलेल्या बाईला आजोबांनी हात लावू दिला तर तुमचा निर्णय थोडा सोपा होईल.

मैत्रिणीला आज एवढंच विचारा, की ती जागा किती दिवस रिकामी राहू शकते. तेवढीच मुदत संस्थेला लेखी उत्तरासाठी द्या. उत्तर आलं नाही किंवा 'बघू' आलं, तर राजीनामा रीतसर नोटीस देऊन द्या, आणि पाचही घरी स्वतः जाऊन सांगा. आजोबांनाही. त्यांना आठवणार नाही म्हणून त्यांना वगळू नका.